पाणी तापलं की सी अर्चिन काय करतो? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात समुद्रातल्या उष्णतेच्या लाटांवर लिहिलं होतं, त्यात सी अर्चिनबद्दल जेमतेम एक ओळ होती, की पाणी फार तापलं तर हे प्राणी खडकावरची पकड सोडून खाली पडतात. बस्स, तेवढ्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की म्हटलं या वेळचा अख्खा कॉलम यांनाच देऊन टाकू. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि लांबलचक पत्रं कापलीयेत, राग मानू नका.

ज्यांनी तो अंक बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : सी अर्चिन म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारा, चेंडूसारखा गोल, सगळ्या अंगावर काटे असलेला प्राणी. तारामाशाचा जवळचा नातेवाईक. तोंड खालच्या बाजूला, त्यात पाच दात, आणि काट्यांच्या मधून बाहेर येणारे शेकडो बारीक, लवचिक नळीपाय, ज्यांच्या टोकाला चिकटणारी चकती असते. (अर्चिन हा जुन्या इंग्रजीतला काटेरी प्राण्याचा शब्द, म्हणजे आपण समुद्रातलं साळिंदर म्हणालो तरी चालेल, पण तसं कोणी म्हणत नाही, त्यामुळे मी पण अर्चिनच म्हणतो.)

प्रश्न : सी अर्चिन नेमका किती डिग्रीला मरतो? एकच आकडा सांगा, प्रत्येक ठिकाणी वेगळाच वाचायला मिळतो.

प्रत्येक ठिकाणी वेगळा मिळतो कारण तो खरंच वेगळा आहे. अर्चिनच्या साडेनऊशेच्या आसपास जाती आहेत आणि त्या ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत सगळीकडे पसरल्यात. अंटार्क्टिकात स्टेरेकायनस न्यूमायेरी नावाचा अर्चिन उणे दीड-दोन अंशाच्या पाण्यात मजेत राहतो, खाऱ्या पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली असतो म्हणून ते पाणी अजून पाणी असतं इतकंच, आणि त्याच्या अंड्यांना शून्याच्या वर थोडेच अंश गेले की वाढ नीट होईनाशी होते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जांभळ्या अर्चिनला २५ अंशांच्या आसपासचं पाणी फार दिवस झेपत नाही. भूमध्य समुद्रातला पॅरासेंट्रोटस लिव्हिडस ३० च्या आसपासपर्यंत तग धरतो, पण त्याच समुद्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, इस्रायलच्या किनाऱ्याला, उन्हाळ्यात पाणी ३० च्या वर जायला लागलं आणि तिथून हा प्राणी जवळजवळ दिसेनासा झाला. तिथे त्याच्या वाट्याचं शेवाळ खाणारे परके मासेही घुसले होते, त्यामुळे सगळं खापर उष्णतेवर फोडता येत नाही, पण लॅबमध्ये साडेतीस अंशांच्या वर ठेवले तर ते मरतात हे तपासून झालंय.

आता खरी गोम. आकड्याच्या जोडीला "किती वेळ" हे विचारलंच पाहिजे, नाहीतर तो आकडा निरुपयोगी. तासाभरासाठी जे पाणी अर्चिन सहज सोसतो तेच पाणी तीन आठवडे राहिलं तर त्याला संपवतं. म्हणूनच समुद्रातल्या उष्णतेच्या लाटेची जी व्याख्या शास्त्रज्ञ वापरतात तिच्यात ठरावीक अंश नाहीतच, त्या जागेच्या त्या दिवसाच्या नेहमीच्या तापमानांपैकी वरच्या दहा टक्क्यांत पाणी गेलं आणि सलग ५ दिवस किंवा जास्त तिथेच राहिलं तर ती लाट.

आणि उलटंही होतं, म्हणजे लाट वगैरे काही नसताना दोन तासांत खेळ खलास. पोर्तो रिकोच्या उथळ प्रवाळावर १९६० च्या दशकात अर्चिनचे घाऊक मृत्यू नोंदवले गेले, कारण एवढंच की खोल ओहोटी नेमकी भर दुपारी आली. ओहोटी पहाटे आली असती तर काही झालं नसतं. पाणी घोट्याएवढं उरलं, वर ऊन, वारा नाही, लाटा नाहीत, ते पाणी बघता बघता तापलं आणि काही अर्चिन तर सरळ उघडे पडले. वर्षाची सरासरी काढली तर असला दिवस तिच्यात दिसणारसुद्धा नाही.

प्रश्न : याला डोकं नाही, मेंदू नाही. मग गरम होतंय हे त्याला कळतं कसं आणि आपल्याला तरी कसं कळणार?

मेंदू नाही हे बरोबर, पण मज्जासंस्था आहे. तोंडाभोवती चेतातंतूंचं एक कडं आणि तिथून कवचाच्या आतल्या बाजूने वर गेलेल्या पाच मुख्य दोऱ्या. कुठला एक भाग हुकूम सोडत नाही, प्रत्येक काटा, प्रत्येक नळीपाय आपापल्या भागातलं बघून घेतो, आणि तरी सगळं मिळून प्राणी एका दिशेने चालतो हे मला अजूनही थोडं जादूसारखंच वाटतं.

आपल्याला कळतं ते एका अगदी साध्या टेस्टने. अर्चिनला उचलायचं, पाण्याखालीच उलटा ठेवायचा, म्हणजे तोंड वर, आणि घड्याळ लावायचं. बस. मी हे एकदा एका टाकीसमोर बसून बघितलंय. आधी काहीच होत नाही, मग एका बाजूचे काटे हळूच वाकतात, त्यांच्या मधून नळीपाय धाग्यासारखे लांब होत होत बाहेर येतात, इकडेतिकडे चाचपडतात, एक काचेला चिकटतो, मग दुसरा, मग एकदम दहा-बारा, आणि ते ताणायला लागतात. प्राणी एका कडेवर उभा राहतो. इथे तो क्षणभर अडकल्यासारखा वाटतो. मग वरच्या बाजूचे पाय खालच्यांना येऊन मिळतात आणि धप्पकन, म्हणजे आवाज नाही येत पण यायला हवा होता असं वाटतं, तो सरळ होतो. तब्येतीने ठणठणीत असेल तर बऱ्याच जातींना यासाठी मिनिटभर ते दोन-चार मिनिटं लागतात.

आता पाणी थोडं तापवा. गंमत अशी की सुरुवातीला तो आणखी लवकर सरळ होतो. थंड रक्ताचा प्राणी, पाणी कोमट झालं की सगळ्या क्रिया वेगात, तर पलटणंही वेगात. बघणाऱ्याला वाटतं, अरे याला तर मानवलं. पुढे एक टप्पा येतो तिथून वेळ वाढायला लागतो, पाय बाहेर येतात पण चिकटत नाहीत, चिकटले तर ओढत नाहीत, आणि शेवटी तो तसाच उताणा पडून राहतो. लॅबमध्ये हा वेळ स्ट्रेसचं मोजमाप म्हणून वापरतात. प्राणी मरायच्या बराच आधी हे दिसतं आणि निसर्गात खरं तर इथेच कारभार आटोपतो, कारण खडकावर उलटा पडलेला, पकड नसलेला अर्चिन पुढच्या लाटेने वाहून जातो नाहीतर माशाच्या तोंडी पडतो. तापमानाने त्याला मारलं नाही, पण मारलंच की.

प्रश्न : शरीराच्या आत नेमकं काय बिघडतं? तो "शिजतो" का?

नाही हो, शिजण्याइतकं पाणी कुठे तापतंय. आधी हिशोब कोलमडतो, ऑक्सिजनचा.

पाणी जसं तापतं तसा त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. नेहमीच्या खारटपणाच्या समुद्राच्या पाण्यात १० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला सव्वासहाच्या आसपास. आणि त्याच वेळी प्राण्याची गरज वाढत असते, ढोबळ नियम असा की १० अंश वाढले की चयापचय दुपटीने-तिपटीने वाढतो. म्हणजे आवक घटली आणि खर्च दुप्पट. आता अर्चिनची यंत्रणा बघा : फुप्फुस नाही, धड हृदय नाही, ऑक्सिजन वाहून नेणारं लाल रक्त नाही. नळीपायांच्या पातळ कातडीतून ऑक्सिजन आत झिरपतो, तोंडाभोवती थोडे कल्ले असतात, आणि कवचाच्या आत भरलेलं पाण्यासारखं द्रव आतल्या बारीक केसांच्या हालचालीने ढवळलं जातं, झालं. माशासारखं कल्ले जोरजोरात हलवून जास्त श्वास घेणं याला जमत नाही. पळून जाणंही जमत नाही, फार तर एखाद्या कपारीत सरकेल.

दुसरी भानगड प्रोटीन्सची. प्रत्येक प्रोटीनला ठरावीक घडी असते आणि उष्णतेने ती उसवायला लागते, उसवलेली प्रोटीन्स एकमेकांना चिकटून पेशीत गुठळ्या होतात. यावर जवळजवळ सगळ्या सजीवांकडे एकच जुना उपाय आहे, हीट शॉक प्रोटीन्स. ही प्रोटीन्स उसवलेल्यांना धरतात, परत घडी घालतात, आणि अगदीच वाया गेलेल्यांना भंगारात पाठवतात. यांचा शोध लागला तो किस्सा भारी आहे, फेरुच्चिओ रितोसा नावाचा इटालियन शास्त्रज्ञ फळमाशीच्या पेशी बघत होता, कोणीतरी त्याच्या इनक्युबेटरचं टेंपरेचर चुकून वाढवून ठेवलं आणि त्याला गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे दिसले. हे १९६२ मध्ये छापून आलं. ते फुगवटे म्हणजे त्या जागेचे जीन्स जोरात कामाला लागले होते.

अर्चिनमध्येही तेच होतं. पाणी तापलं की त्याच्या अंगातल्या द्रवात फिरणाऱ्या पेशींमध्ये हीट शॉक प्रोटीन ७० चं प्रमाण वाढतं, आणि इटलीत पालेर्मोच्या शास्त्रज्ञांनी तर याच पेशींवरून प्राणी किती त्रासात आहे ते ओळखता येतं असं दाखवलं. पण ही दुरुस्ती फुकट नाही. प्रोटीन बनवायला ऊर्जा, घड्या घालायला ऊर्जा, आणि ऊर्जेसाठी परत तोच ऑक्सिजन, ज्याची आधीच बोंब आहे. मग प्राणी कुठून तरी कापतो. पहिली कात्री लागते ती वाढीला आणि प्रजोत्पादनाला. अर्चिनच्या पोटात प्रजोत्पादनाच्या पाच ग्रंथी असतात, त्याच त्याचं कोठारही, चांगल्या दिवसांत त्या फुगलेल्या असतात, वाईट दिवसांत तो त्यातलाच साठा जाळतो. वरून बघाल तर काटे ताठ, कवच गोल, सगळं ठीक, आणि आत कोठार रिकामं.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. मोठ्या अर्चिनला गरम पाणी चालत नाही तर त्याच्या बाळांना तर अजिबातच चालत नसेल ना?

छान प्रश्न विचारलास, आणि उत्तर "कधी" यावर आहे. अर्चिनची बाळं अंगाखांद्यावर वाढत नाहीत (बहुतेक जातींमध्ये तरी), आईबाबा अंडी आणि शुक्रपेशी सरळ समुद्रात सोडून देतात आणि पुढचं सगळं उघड्या पाण्यात. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असं होत होत साधारण अर्ध्या दिवसात काहीशे पेशींचा एक पोकळ गोळा तयार होतो, तो गोल गोल फिरायला लागतो आणि भोवतीचं कवच विरघळवून बाहेर पडतो.

पालेर्मोतल्याच एका गटाने १९८१ मध्ये एक सुंदर प्रयोग छापला. त्यांनी भूमध्य समुद्रातल्या अर्चिनचे वेगवेगळ्या वयाचे भ्रूण घेतले आणि त्यांना ३१ अंशांचा झटका दिला. कवचातून बाहेर पडलेले गोळे वाचले, त्यांनी हीट शॉक प्रोटीन्स बनवली आणि पुढे वाढले. त्याआधीच्या वयाचे मात्र गेले, कारण त्यांना ती प्रोटीन्स बनवताच आली नाहीत, ते बटण त्या वयात जोडलेलंच नसतं. म्हणजे काही तासांचा फरक, तेवढाच. त्या सुरुवातीच्या तासांमध्ये बाळाकडे फक्त आईने अंड्यात बांधून दिलेली शिदोरी असते, तिच्यात थोडी मदतनीस प्रोटीन्स असतात, पण नवीन बनवायची सोय नाही.

आणि पुढे काय होतं माहितीये, बाळ बाणासारखं दिसायला लागतं, लांब हात फुटतात, त्याला प्लुटिअस म्हणतात, आणि ते आईसारखं अजिबात दिसत नाही. नेटवर फोटो बघ. जरा कोमट पाण्यात ते भराभर वाढतं, हे त्याच्या फायद्याचंही आहे कारण जितके कमी दिवस उघड्या पाण्यात तितके कमी शत्रू, पण त्याच्याही वर पाणी गेलं की हात वाकडेतिकडे, एक लांब एक आखूड, सांगाडा अर्धवट. प्रोजेक्टसाठी विचारत असशील तर हे वाक्य लिही : फलन (अंडं आणि शुक्रपेशी एक होणं) उष्णता बऱ्यापैकी सोसतं, त्यानंतरचे पहिले तास सोसत नाहीत.

प्रश्न : तुम्ही म्हणता उष्णतेने अर्चिन मरतात. मग कॅलिफोर्नियात समुद्र तापला तेव्हा अर्चिन इतके माजले कसे की त्यांनी समुद्रातलं जंगल खाऊन टाकलं? काहीतरी एक ठरवा.

तुमचा टोमणा मान्य, पण ठरवता येत नाही, कारण दोन्ही खरं आहे.

२०१४ ते २०१६ या काळात ईशान्य पॅसिफिकमध्ये गरम पाण्याचा एक प्रचंड पट्टा ठाण मांडून बसला होता, त्याला "ब्लॉब" असं नाव पडलं. उत्तर कॅलिफोर्नियाच्या थंड पाण्यात तो आला तरी जांभळ्या अर्चिनच्या सहनशक्तीच्या आतच होतं बरंचसं पाणी. पण केल्प, म्हणजे ते उंचच उंच समुद्री शेवाळ ज्याची तिथे जंगलं होती, त्याला थंड आणि पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी लागतं, ते आलंच नाही. केल्प खंगला. त्याच्या थोडं आधी, २०१३ पासून, तारामाशांमध्ये एक रोग पसरला होता ज्यात ते अक्षरशः विरघळून जायचे, आणि त्यात सूर्यफूल तारामासा, वीस-चोवीस हातांचा, अर्चिन खाणारा मोठा शिकारी, तिथून जवळपास नाहीसा झाला. (हा रोग कशाने होतो ते शोधायला तब्बल बारा वर्षं लागली, २०२५ मध्ये व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जिवाणू त्यामागे असल्याचं दाखवलं गेलं.)

आता अर्चिनच्या जागी बसून बघा. चांगल्या दिवसांत तो कपारीत बसून असतो, तुटून वाहत येणारी केल्पची पानं दारात येतात, ती खातो, बाहेर जायची गरजच नाही, बाहेर शिकारी आहे. आता पानं यायची थांबली आणि बाहेरचा शिकारीही गेला. मग तो बाहेर पडला, हजारोंनी बाहेर पडले, आणि उभ्या केल्पच्या बुंध्यालाच लागले. काही वर्षांत उत्तर कॅलिफोर्नियाच्या साडेतीनशे किलोमीटर किनाऱ्यावरचं ९० टक्क्यांहून जास्त केल्पचं छत गेलं, जांभळे अर्चिन आधीच्या साठपट झाले. त्याच केल्पवर जगणारे अबालोनी नावाचे मोठे शिंपलेवाले प्राणी उपाशी मेले, इतके की २०१८ मध्ये त्यांची हौशी मासेमारी बंद करावी लागली.

पण पुढचा भाग कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. ते साठपट अर्चिन काही सुखात नव्हते. खायला उरलं नाही तेव्हा ते मेलेही नाहीत, त्यांनी चयापचय मंद केला, पोटातलं कोठार रिकामं केलं आणि नागड्या खडकावर तसेच बसून राहिले, वर्षानुवर्षं. तिकडचे लोक त्यांना झोम्बी अर्चिन म्हणतात. आणि कॅलिफोर्नियातल्याच माँटेरीच्या उपसागरात समुद्री ऑटरवर (पाणमांजरांवर) लक्ष ठेवणाऱ्यांना असं दिसलं की ऑटर या झोम्बींना हातच लावत नाहीत, फोडून आत काही मिळणार नाही हे त्यांना कळतं, ते उरलेल्या केल्पच्या तुकड्यांत जाऊन तिथले भरलेले अर्चिन खातात. म्हणजे जंगलाचा उरलेला तुकडा वाचतो, पण उजाड भाग उजाडच राहतो.

टास्मानियाची गोष्ट आणखी सरळ. सेंट्रोस्टेफॅनस रॉजर्सी हा लांब काट्यांचा अर्चिन ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीकडचा, त्याच्या अळ्यांना वाढायला १२ अंशांच्या वरचं पाणी लागतं. टास्मानियाचा हिवाळा त्याच्या खाली असायचा म्हणून तो तिथे नव्हता. गरम प्रवाह दक्षिणेकडे सरकला, हिवाळ्यातलं पाणी १२ च्या वर राहायला लागलं, १९७८ मध्ये पहिल्यांदा तिथे सापडला आणि आता तिथले केल्पचे पट्टेच्या पट्टे साफ करतोय. याच्यासाठी उष्णता म्हणजे उघडलेलं दार.

प्रश्न : कॅरिबियनमध्ये काळे अर्चिन दोनदा मेले ते उष्णतेनेच ना?

नाही. डायडेमा अँटिलॅरम, लांब काळ्या काट्यांचा, १९८३-८४ मध्ये पनामापासून सुरू होऊन वर्षभरात सगळ्या कॅरिबियनभर मेला, ९० टक्क्यांहून जास्त. ती साथ पाण्याच्या प्रवाहांबरोबर पसरत गेली, उष्णतेने असं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे रांगेत मरण येत नाही. २०२२ मध्ये परत साथ आली तेव्हा मात्र तपास झटपट झाला आणि पुढच्याच वर्षी गुन्हेगार जाहीर झाला, एक सिलिएट, केसाळ एकपेशीय जीव, जो अर्चिनच्या अंगात घुसतो. प्रत्येक मेलेल्या प्राण्यामागे उष्णता शोधायची सवय आपल्याला लागलीये, ती जरा आवरा.

पण उष्णता आणि रोग यांची हातमिळवणी होते हेही खरं, त्याचं चांगलं उदाहरण कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचं. तिथला हिरवा अर्चिन पॅरामीबा इनव्हेडन्स नावाच्या अमिबामुळे मरतो, आणि हा अमिबा थंड पाण्यात थंडावतो, पाणी कोमट झालं की जोर धरतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी नेहमीपेक्षा गरम असताना तिथे प्रचंड मोठी मर झाली. लक्षणं वाचा : नळीपाय सुटतात, काटे लोंबतात, तोंड सैल पडतं. म्हणजे वरून बघून हा उष्णतेचा मार की अमिबाचा, सांगणं अवघड. आणि कॅलिफोर्नियाच्या बरोबर उलट, अर्चिन मेल्यावर तिथे केल्प परत उगवला.

प्रश्न : ते गरम पाण्याला सरावणार नाहीत का? उत्क्रांती वगैरे?

थोडंफार सरावतात. हळूहळू गरम पाण्यात ठेवलेला अर्चिन एकदम टाकलेल्यापेक्षा जास्त सोसतो. आई कुठल्या पाण्यात होती त्याचा परिणाम पिल्लांच्या आकारावर होतो हे जांभळ्या अर्चिनमध्ये दाखवलंय. जीन्सची श्रीमंतीही आहे, याच जांभळ्या अर्चिनचा जिनोम २००६ मध्ये वाचून झाला, त्यात साधारण २३ हजार जीन्स निघाले, आपल्या तोडीस तोड. एक मादी लाखोंनी अंडी टाकते, त्यातून निवड होऊ शकते. फक्त लाल अर्चिनसारख्या जाती शंभर वर्षांहून जास्त जगतात, म्हणजे आज खडकावर बसलेला म्हातारा कुठल्या तरी वेगळ्याच समुद्रात जन्मलेला असतो आणि त्याला स्वतःला उत्क्रांत होता येत नाही.

प्रश्न : काही अर्चिन डोक्यावर शिंपले, दगड घेऊन फिरतात, ते उन्हापासून टोपी म्हणून का?

उष्णतेसाठी नाही. पाण्याखाली शिंपल्याने गारवा मिळत नाही. पण उजेड आणि अतिनील किरण वाढले की कितीतरी जाती जास्त वस्तू अंगावर घेतात, त्यामुळे टोपी म्हणालात ते अगदीच चूक नाही. काहींना वाटतं लाटांत वजन म्हणूनही उपयोग होत असेल.

प्रश्न : माझ्या मरीन टँकमधला अर्चिन दोन दिवसांपासून काटे गाळतोय आणि काचेवरून पडतोय. हीटर अडकून पाणी ३१ झालं होतं असं आत्ता कळलं. बर्फ टाकू का?

बर्फ नका टाकू! गोड्या पाण्याचा बर्फ वितळला की खारटपणा खाली येतो आणि अर्चिनला तो बदल उष्णतेपेक्षा वाईट, कारण त्याच्या आतलं द्रव बाहेरच्या पाण्याइतकंच खारट असतं आणि ते सांभाळायला त्याच्याकडे मूत्रपिंडासारखं काही नाही. हीटर काढा, दुसऱ्या थर्मामीटरने खात्री करा (अडकलेल्या हीटरवरचा आकडा काय कामाचा), झाकण उघडा, पाण्यावर फॅन लावा आणि तापमान काही तासांत हळूहळू उतरू द्या. एअर पंप किंवा पॉवरहेड (टाकीतलं पाणी ढकलणारा छोटा पंप) पृष्ठभागाकडे वळवा, कारण आत्ता त्याला गारव्याइतकीच हवेची गरज आहे. फॅनमुळे बाष्पीभवन वाढेल आणि खारटपणा चढेल, तेव्हा उडालेल्या पाण्याएवढं गोडं पाणी थोडं थोडं टाकत राहा आणि रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायच्या साधनाने) बघत राहा. दोन दिवस गरम पाण्यात काही मेलं असेल तर अमोनियाही तपासा.

थोडे काटे गळणं म्हणजे मरण नव्हे, ते परत येतात. नळीपाय बघा. बाहेर आलेले असतील, बोटाने हळूच स्पर्श केला तर आत जात असतील तर आशा आहे. पाय कुठेच दिसत नाहीत, तोंडाभोवतीची कातडी लोंबलीये आणि वास येतोय, तर लगेच बाहेर काढा, एक मेलेला अर्चिन अख्ख्या टाकीचं पाणी नासवतो.

आणि तो काचेवरून पडून उताणा झाला तर लगेच हात घालू नका, मोबाईलवर टायमर लावा आणि पाच-एक मिनिटं बघा. स्वतःहून सरळ झाला तर किती वेळ लागला तो लिहून ठेवा. नाही झाला तर हलकेच सरळ करून खडकाच्या कडेला ठेवा, काचेवर नको. मुद्दाम उलटा मात्र करू नका, त्याची बिचाऱ्याची परीक्षा चालूच आहे. आठवड्याने परत लिहा, वेळेचे आकडे घेऊन.